सर्किट बेंच आलं, आता सर्किटं आणूया

18 ऑगस्ट 2025 ला कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि शहरापुढं मोठाच पेच उभा राहिला. इतकी वर्षं ज्याच्यासाठी वकिलांनी कामकाज बंद ठेवलं, आपण मोर्चे काढले, ते मिळालंच की! आता मागायचं काय? हद्दवाढ आहे, पण ती मागणी आता इतकी म्हातारी झालीय की घोषणा देणाऱ्यालाच मधे जांभई येते. आणि मागणी नसलेलं कोल्हापूर म्हणजे कट नसलेली मिसळ. नुसती मटकी.

तेव्हा माझं ऐका. सर्किट बेंच आलंय, आता नुसती सर्किटं मागा. चिप. सेमीकंडक्टर. केंद्र सरकारनं डिसेंबर 2021 मध्ये त्यासाठी 76,000 कोटी रुपये बाजूला काढलेत, आणि त्यातलं कोल्हापूरच्या वाट्याला काही आलेलं नाही. आंदोलनाला याहून चांगलं कारण मिळायचं नाही.

सेमीकंडक्टर म्हणजे काय हे कळायची गरज नाही. आमच्या कट्ट्यावर मी विषय काढला, तेव्हा एकानं विचारलं, "सेमी कंडक्टर म्हंजे? हाफ तिकीट फाडणारा काय रं?" त्याला ताबडतोब कृती समितीचा अध्यक्ष करा. विषय कळणारा माणूस अध्यक्ष झाला तर निवेदनात अडचणी लिहीत बसतो. निवेदन कसं, एका पानात बसलं पाहिजे. फोटोत कागद एक आणि त्याला धरलेले हात अकरा, एवढं जमलं की पहिला टप्पा पूर्ण झाला असं समजा.

मग जागा. आयटी पार्क कुठं व्हावा यावर कोल्हापुरात इतकं बोलून झालंय की तेवढ्या शब्दांचा प्रोग्रॅम लिहिला असता, तर कंपनी उभी राहिली असती. शेंडा पार्क म्हणा, आणखी कुठलं म्हणा, जागेचं नाव निघालं की आपलं रक्त सळसळतं. तुम्ही एकच करा. घोषणा व्हायच्या आधी शेजारचे चार गुंठे घेऊन ठेवा. या लेखातला हा एकच सल्ला तुम्ही पाळणार आहात, हे मला माहीत आहे, म्हणून आधीच देऊन टाकला.

त्यानंतर अभ्यास दौरा. दौरा तैवानचाच पाहिजे, आणि तैवानात शिंचूचा. तिथल्या सरकारनं 1980 मध्ये दोन विद्यापीठांच्या शेजारी सायन्स पार्क काढला आणि आज जगाचे मोबाईल त्या गावाच्या जिवावर चालतात. आपल्याकडं शिवाजी विद्यापीठ 1962 पासून आहे, शेजारी माळ आहे, म्हणजे निम्मं शिंचू झालंच. शिष्टमंडळानं सोबत चटणी आणि भाकरी घ्यावी, कारण तिकडं तांबडा रस्सा मिळत नाही. पार्कच्या पाटीखाली फोटो काढावा आणि परत यावं. तिथल्या कुणाला 'हे कसं झालं' असं मात्र विचारू नये. विचारलं, तर ते सांगायला लागतात. आणि सांगायला लागले की आपली पंचाईत होते.

म्हणजे असं बघा. फेब्रुवारी 1974 मध्ये तैपेईतल्या एका सोयाबीनच्या दुधाच्या दुकानात सकाळी सात माणसं नाश्त्याला बसली. त्यांत तिथले अर्थव्यवहार मंत्री होते आणि अमेरिकेतल्या आरसीए कंपनीतला एक इंजिनिअर होता. नाश्ता होईपर्यंत ठरलं की देशानं चिप बनवायला शिकायचं, चार वर्षं लागतील, एक कोटी डॉलर लागतील, आणि सुरुवात मनगटी घड्याळातल्या चिपपासून करायची. बस्स! सत्कार नाही, नारळ नाही. आता तुम्ही म्हणाल, नाश्ता तर आपणही करतो. उद्यमनगरात सकाळी मिसळीला जेवढी डोकी एका बाकावर बसतात, तेवढी तिथं नव्हतीसुद्धा. पण आपल्या बाकावर ठरतं ते हे, की पाव कालचा आहे आणि पुण्याच्या मिसळीला मिसळ म्हणणं हा गुन्हा आहे. दोन्ही मुद्दे बरोबर आहेत. त्यातून चिप निघत नाही, एवढंच.

पुढचं आणखी वाईट आहे. 1976 मध्ये तैवानच्या सरकारी संशोधन संस्थेनं आपली पोरं आरसीएकडं अमेरिकेला शिकायला पाठवली. पोरं शिकली आणि परत आली! हा भाग कोल्हापुरात मोठ्यानं सांगू नका. ज्यांची पोरं हिंजवडीला आहेत, त्या घरात तर अजिबात नको. पुणे 230 किलोमीटरवर, आता तर आठवड्यातून तीन दिवस वंदे भारत, तरी पोरगं गणपतीला येतं आणि पाचव्या दिवशी गौरीबरोबर परत जातं. ती पोरं अमेरिकेतनं आली.

तरी शिंचूत एक शब्द तुमच्या कानावर पडेलच, त्यासाठी आत्ताच तयारी करून ठेवा. तो शब्द म्हणजे 'फाउंड्री'. तिथल्या सगळ्यात मोठ्या कंपनीला, टीएसएमसीला, सगळं जग फाउंड्री म्हणतं. हे ऐकून शिष्टमंडळातला शिरोलीचा, म्हणजे लोखंड ओतायच्या आपल्या फाउंड्रीतला, माणूस दचकेल. त्याला वाटेल, आपली चेष्टा चाललीय. पण चेष्टा नाही. मॉरिस चँग नावाच्या माणसानं टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये पंचवीस वर्षं काढली, 1985 ला तो तैवानला आला आणि 1987 ला त्यानं ही कंपनी काढली. अक्कल एवढीच, की आपण स्वतःची चिप विकायची नाही. दुसऱ्यानं ड्रॉईंग आणायचं, आपण ओतून द्यायचं. गिऱ्हाइकाशी स्पर्धा करायची नाही, त्याचं ड्रॉईंग शेजारच्याला दाखवायचं नाही, रिजेक्शन कमी ठेवायचं आणि माल वेळेवर द्यायचा. आज ॲपल आणि एनव्हिडियाला चिप ओतण्याचा स्वतःचा कारखानाच नाही. बहुतेक सगळं तिकडून करून घेतात.

शिरोलीच्या भाषेत याला जॉबवर्क म्हणतात.

कोल्हापूर परिसरात 300 च्या आसपास फाउंड्री आहेत. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले फाइव्ह स्टार, सगळीकडं ड्रॉईंग परक्याचं आणि ओतकाम आपलं. वाळूसुद्धा तीच, सिलिका. आपण तिचा साचा करून त्यात बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओततो, ते तिच्यातनं सिलिकॉन काढून त्याच्यावर रेघा ओढतात. त्यांच्या चिपला कारखान्यातनं बाहेर पडायला तीन-तीन महिने लागतात, आपल्याला एवढा धीर नाही, आपलं पार्टीला मंगळवारचं दिलेलं असतं. पण धंद्याचा मूळ मंत्र एकच. म्हणूनच माझा कळकळीचा सल्ला आहे की हायटेकच्या बैठकीला शिरोलीच्या कुणालाही बोलवू नका. त्यांच्या नखात काळी वाळू असते. प्रेझेंटेशनचा पडदा पांढरा असतो.

क्लस्टर, म्हणजे एकाच धंद्याच्या कारखान्यांचा घोळका, कसा वाढतो, यावर परदेशात जाडजूड पुस्तकं आहेत. ती वाचायची नसतील तर उद्यमनगरात एक फेरी मारा. नाही, मारू नका, पाहुण्यांना तर तिकडं मुळीच नेऊ नका. तिथं काय व्हायचं, तर एखादं पोरगं मेस्त्रीच्या हाताखाली लेथवर उभं राहायचं. चार-पाच वर्षांनी पगारावरनं, नाहीतर चहावरनं, मेस्त्रीशी वाजायचं. मग पुढच्या गल्लीत सेकंडहँड लेथ टाकून हे मालक! महिना दोन महिने तोंड बघायचं नाही, आणि तिसऱ्या महिन्यात मेस्त्रीच जादाचं काम त्याच्याकडं पाठवायचा. असंच वाढत शेतीची ऑईल इंजिनं झाली, विजेचे पंप आल्यावर इंजिनं मागं पडली तेव्हा मोटारींची कास्टिंगं झाली. कुणी क्लस्टर म्हणाला नाही, म्हणून वाढला असेल.

कॅलिफोर्नियातही हेच झालं होतं म्हणा. 1957 मध्ये शॉकली नावाच्या मालकाला कंटाळून आठ जण फुटले आणि त्यांनी स्वतःची कंपनी काढली. त्यांना इतिहासात 'आठ गद्दार' म्हणतात. गद्दारांची आपल्याकडंही टंचाई नाही. फरक एवढाच, की ते फुटून कारखान्यात गेले आणि आपले 2022 ला फुटून गुवाहाटीच्या हॉटेलात गेले. आता योगायोग बघा, त्याच गुवाहाटीपासून जवळ जागीरोडला टाटांचा 27,000 कोटींचा चिप पॅकेजिंगचा कारखाना 2024 मध्ये मंजूर झाला. म्हणजे महाराष्ट्राचं शिष्टमंडळ त्या भागात सगळ्यांच्या आधी पोचलं होतं. झाडी आणि डोंगर बघून परत आलं.

त्याच 2022 च्या सप्टेंबरात आपण वेदांत-फॉक्सकॉनसाठी गळा काढला होता, आठवतंय? 1 लाख 54 हजार कोटींचा प्रकल्प तळेगावला होणार होता, तो गुजरातला गेला. आपण रस्त्यावर उतरलो, एकमेकांच्या पक्षांना शिव्या दिल्या. जुलै 2023 मध्ये फॉक्सकॉननं अंग काढून घेतलं आणि तो बेत तिकडंही बारगळला. यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. प्रकल्प येण्यापेक्षा प्रकल्प जाणं राजकारणाला जास्त उपयोगी पडतं. आलेल्या कारखान्याला रस्ता, पाणी, वीज द्यावी लागते. गेलेल्याला नुसती श्रद्धांजली. म्हणून कृती समितीनं आत्तापासूनच 'पळवला' या शब्दाचे फ्लेक्स छापून ठेवावेत. जाणाऱ्या प्रकल्पाच्या नावापुरती जागा मोकळी सोडा.

पाण्याचं विचाराल, तर आपण फार पुढं आहोत. चिपच्या कारखान्याला पाणी बेसुमार लागतं आणि ते इतकं शुद्ध लागतं की पिण्याचं पाणी त्यांच्या हिशेबी गटार. आपल्याकडं पंचगंगा घरी येते. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटाला इशारा आणि 43 फुटाला धोका, 2019 आणि 2021 ला ते सगळं ओलांडून ती महामार्गावर आली. शुद्धतेचं काय ते पुढं बघता येईल. काळम्मावाडीची थेट पाइपलाइन 2023 च्या दिवाळीत आली, ती यायला किती दिवाळ्या गेल्या हे कंपनीच्या लोकांना सांगू नका म्हणजे झालं. पण खरी मेख पुढं आहे. 2021 मध्ये तैवानात मोठा दुष्काळ पडला, तेव्हा सरकारनं भाताच्या शेतीचं पाणी तोडलं, शेतकऱ्यांना भरपाई दिली आणि चिपचे कारखाने चालू ठेवले. हा प्रयोग आपल्याकडं उसावर करायचा आहे. त्याची घोषणा करायचा मान मी कृती समितीच्या अध्यक्षांना देतो. घोषणा त्यांनी जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत करावी, माईक हातात घेऊन, आणि गाडी चालू ठेवून.

मनुष्यबळाची चिंता कुणी काढली तर छाती पुढं काढून इतिहास सांगा. कोल्हापूर हायटेक नव्हतं कधी? बाबूराव पेंटरांनी 1918 च्या सुमाराला इथंच स्वदेशी सिनेमा कॅमेरा बनवला, तो त्या काळातला हायटेकच होता. महाराष्ट्र फिल्म कंपनी इथली. तिथली माणसं फुटली आणि 1929 ला त्यांनी प्रभात काढली, तीही इथंच. मेस्त्री, पोरगं, पुढची गल्ली, सगळं आपल्या रिवाजाप्रमाणं. इथपर्यंत सांगून थांबा. 1933 ला प्रभात पुण्याला गेली हे सांगितलंत, तर कुणीतरी म्हणेल की मग हिंजवडीच्या पोरांना का बोल लावता, ती तर नव्वद वर्षांची प्रथा पाळतायत.

रविवारी रात्री ही प्रथा बघायची असेल तर तावडे हॉटेलच्या चौकात या. पाठीवर लॅपटॉप, हातात डबा, शेजारी बाप. आम्हीही पुतण्याला सोडायला जातो. मागच्या महिन्यात गाडी यायला उशीर होता, म्हणून त्याला पहिल्यांदाच विचारलं, की बाबा, तू तिकडं नेमकं करतोस काय? तो म्हणाला, "चिपचं डिझाइन, काका. व्हेरिफिकेशन." मी म्हटलं, मग कारखाना कुठाय? म्हणाला, "कारखाना नाही. आम्ही नुसतं डिझाइन तपासून पाठवतो. बनते तैवानमध्ये."

माझा भाऊ आयुष्यभर शिरोलीत कास्टिंगची रिजेक्शनं मोजत आलेला. तो इतका वेळ गप्प होता. तो पुढं झाला.

"म्हंजे ड्रॉईंग तुमचं आणि ओतकाम जॉबवर्कला?"

"तसंच म्हणायचं."

"रिजेक्शन कुणाच्या अंगावर?"

पोरगं विचारात पडलं. तेवढ्यात गाडी आली. ते पायरीवर चढलं, तरी खालनं भावाचं चालूच होतं, "आन् रेट काय घेत्यात, नगावर का किलोवर?"