इस्नोफिल वाढले म्हणजे दमा? हिशेबच चुकलाय

मोबाइलवर फिरणारा संदेश असा: ‘रिपोर्टमध्ये इस्नोफिल ६ टक्क्यांच्या वर, म्हणजे दमा. त्याच्या आत, म्हणजे दमा नाही. पंप बंद करा. सीओपीडीवाल्यांना या आकड्याचा उपयोग नाही.’

इस्नोफिल, म्हणजे इओसिनोफिल, हा रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार; सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा जुनाट आजार. आधी टक्क्यांचे. एकूण पांढऱ्या पेशी ५,००० आणि इओसिनोफिल ८ टक्के, म्हणजे प्रति मायक्रोलिटर ४००. पेशी १२,००० आणि ५ टक्के, म्हणजे ६००. संदेशाच्या लेखी पहिला आजारी, दुसरा ठणठणीत. प्रत्यक्षात ५०० ची नेहमीची मर्यादा ओलांडली दुसऱ्याने! रिपोर्टवर ‘एईसी’ (प्रति मायक्रोलिटर इओसिनोफिलची प्रत्यक्ष संख्या) छापलेला नसेल तर हा गुणाकार स्वतः करा.

वाढले म्हणजे दमाच, हे आपल्याकडे तर जास्तच धोक्याचे. जंतांनी, औषधाच्या ॲलर्जीनेही आकडा चढतो. विदर्भासारख्या हत्तीरोगाच्या पट्ट्यात रात्रीचा कोरडा खोकला, घरघर आणि एईसी ३,००० च्या वर असेल, तर ट्रॉपिकल पल्मनरी इओसिनोफिलिया (हत्तीरोगाच्या जंतांमुळे होणारा फुप्फुसाचा आजार) तपासायलाच हवा. त्यावर डायइथिलकार्बामाझिन हे जंतांवरचे औषध देतात, साधारण ३ आठवडे. आणि पोटात स्ट्राँगिलॉइडिस जंत असताना दमा समजून स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या, तर ते अंगभर पसरून जिवावर बेतू शकते.

नॉर्मल आकड्यावरही विसंबू नका. सकाळी शरीरातले कॉर्टिसोल हे संप्रेरक चढलेले असते, तेव्हा इओसिनोफिल कमी भरतात; रात्री वाढतात. प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी घेतल्यावर तर काही तासांतच आकडा कोसळतो, म्हणून गोळ्या चालू असतानाच्या रिपोर्टवरून काही ठरवू नये. शिवाय काही रुग्णांच्या बेडक्यात इओसिनोफिल वाढलेलेच नसतात, न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी जास्त असतात, तरीही तो दमाच. दमा ओळखायचा तो लक्षणे आणि स्पायरोमेट्री या फुंकण्याच्या तपासणीवरून: जोरात फुंकायचे, ४०० मायक्रोग्रॅम साल्ब्युटामॉल (नळ्या रुंदावणारे औषध) पंपाने घ्यायचे, १५ मिनिटांनी पुन्हा फुंकायचे. एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात बाहेर फुंकलेली हवा) किमान १२ टक्के आणि २०० मिलिलिटर वाढला तर दम्याला आधार मिळतो. त्रास नसलेल्या दिवशी तो कदाचित वाढणारही नाही. मग तपासणी पुन्हा करावी. पंपाने बरे वाटत असताना रक्ताच्या एका आकड्यावर पंप सोडणे म्हणजे अटॅकला आमंत्रण.

गंमत म्हणजे हा आकडा खरा कामाला येतो तो सीओपीडीतच. नळ्या रुंदावणारी औषधे घेऊनही त्रास वारंवार उसळत असेल आणि एईसी ३०० किंवा जास्त असेल, तर स्टेरॉइडचा पंप जोडण्याकडे कल असतो. १०० च्या खाली असेल तर सहसा जोडत नाहीत: फायदा नगण्य, न्यूमोनियाचा धोका मात्र वाढतो.