औषध ठाऊक असणे म्हणजे आजार ओळखणे नव्हे

वैद्यकीय विद्यार्थ्यांनी कोणालाही न दाखवता स्वतःच औषधे घेण्याचे एक समर्थन नेहमी ऐकू येते: ते औषधशास्त्र शिकलेले असतात, किरकोळच औषधे घेतात आणि चुकले तरी नुकसान त्यांचेच होते. डोकेदुखीवर पॅरासिटॅमॉलची गोळी घेण्यास कोणाची हरकत नसावी. पण हॉस्टेलच्या खणात तेवढीच गोळी नसते.

शिक्षणाचा मुद्दा तपासून पाहू. एमबीबीएसमध्ये औषधशास्त्र दुसऱ्या वर्षी शिकवतात आणि रोगनिदान शिकवणाऱ्या जनरल मेडिसिनची परीक्षा शेवटच्या वर्षी होते. म्हणजे मात्रा आणि दुष्परिणाम तोंडपाठ असलेल्या मुलाला आजार ओळखण्याचा सराव अजून व्हायचा असतो. शिवाय स्वतःच्या पाठीला स्टेथोस्कोप लावून फुप्फुसे ऐकणे अनुभवी डॉक्टरलाही जमत नाही.

'किरकोळ' हा शब्द तर फारच फसवा आहे. दोन आठवडे खोकला राहिला तर थुंकी तपासावी, असे राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सांगतो, आणि हेच विद्यार्थी वॉर्डात रुग्णांना ते समजावतात. स्वतःला खोकला झाला की मात्र मेडिकलमधून लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक आणले जाते. हे औषध क्षयाच्या जंतूंवरही चालते, म्हणूनच औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या उपचारांत त्याला स्थान आहे. खोकला क्षयाचा असला, तर एकट्या या औषधाच्या पाच-सात दिवसांच्या कोर्सने ताप उतरू शकतो, खोकला सैल पडू शकतो, थुंकीत जंतू सापडण्याची शक्यता घटते, निदान लांबते आणि त्या औषधाला न जुमानणारे जंतू निपजण्यास वाव मिळतो. तोवर खोलीतले सोबती तीच हवा घेत असतात, त्यामुळे नुकसान फक्त त्याचेच, हा दावा इथेच निकाली निघतो. हे औषध शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच आणि नोंद ठेवून विकायच्या औषधांच्या यादीत आहे. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरचे नाव दुकानदाराने वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपायची असते. पांढरा एप्रन म्हणजे चिठ्ठी नव्हे.

व्हायव्हाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, सकाळी हात थरथरू नयेत म्हणून सिनियरने दिलेली प्रोप्रॅनोलॉलची गोळीही याच 'किरकोळ' यादीतली. दमा असलेल्याच्या श्वासनलिका तिने आवळल्या जाऊ शकतात.

समर्थकांचे एक कारण मात्र मला खरे वाटते, आणि ते वेळेच्या टंचाईचे नाही: झोप लागत नाही किंवा धास्ती वाटते हे सांगायला ज्यांच्यासमोर बसायचे, तेच उद्या परीक्षक म्हणून समोर असतात. यावर उपाय, विद्यार्थ्यांना शिकवत नसलेला आणि नोंदी गुप्त ठेवणारा स्वतंत्र डॉक्टर कॉलेजने नेमणे, हा आहे. खणातली अल्प्राझोलाम या धास्ती कमी करणाऱ्या गोळ्यांची पट्टी नव्हे.