फलकावर नाव कुठलं लिहिणार, माहेरचं की सासरचं?

आमच्या कॉलेजात यंदा माजी खेळाडूंसाठी सन्मान दालन करायचं ठरलंय. जुन्या जिमखान्याची खोली रंगवायची आणि भिंतीवर फोटो, नाव, खेळ, साल लावायचं. अमेरिकेतल्या कॉलेजांत 'हॉल ऑफ फेम' असतो, तसंच. परवा माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीत हे ऐकलं आणि खरं सांगते, भरून आलं. मग निकष वाचून दाखवले: राष्ट्रीय पदक, मूळ प्रमाणपत्र आणि सध्याचं पद.

सध्याचं पद कशाला? खेळाडूनं मैदानावर काय केलं ते बघायचं की तो पुढं तहसीलदार झाला का ते? मी तिथंच उठून विचारलं. आज सविस्तर लिहितेय.

बैठक संपल्यावर शिपाईमामांनी जिमखान्याचं कपाट उघडून दिलं. खालच्या कप्प्यात एकावर एक ढाली. एकीवरची धूळ पदरानं पुसली. पितळी पट्टी काळी पडली होती, पण अक्षरं वाचता येत होती. 1994-95, खो-खो, मुली, विजेता, आणि खाली कॉलेजचं नाव. आम्ही बाराजणींनी जिंकलेली ती ढाल. बारातल्या एकीचंही नाव त्यावर नाही.

आमचं गाव लातूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर आमच्या मैदानावर मदतीच्या सामानाच्या गाड्या उभ्या होत्या. त्या वर्षी संघ कुठंच गेला नाही, जायचं मनही नव्हतं कुणाचं. पुढच्या वर्षी 17 सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं आणि आमचं कॉलेज तिकडं जोडलं गेलं. आमच्या आधीच्या मुली औरंगाबादच्या विद्यापीठाकडून खेळल्या, आम्ही नांदेडकडून. म्हणजे एकाच कॉलेजच्या खेळाडूंची कागदपत्रं दोन विद्यापीठांत. शोधायची कुणी?

आमची कॅप्टन पळतीला उतरली की सर घड्याळ बघायचे आणि आम्ही तिचे पाय बघायचो. तीन-तीन मिनिटं हाती लागायची नाही. खांबाजवळ अशी वळायची की पाठलाग करणारी पुढंच निघून जायची. विद्यापीठाच्या संघात तिची निवड झाली, ब्लेझर मिळाला. दुसऱ्या वर्षाची परीक्षा व्हायच्या आत लग्न झालं. आडनाव तर बदललंच, आमच्याकडच्या रीतीप्रमाणं तांदळात पहिलं नावही बदललं. आज ती राहते त्या गावात तिचं खेळतानाचं नाव कुणालाच माहीत नाही. पोरं तिला गिरणीवाल्या काकू म्हणतात.

19 जानेवारी 2025 ला दिल्लीत खो-खो विश्वचषकात आपल्या मुलींनी नेपाळला 78-40 असं हरवलं, तेव्हा मी तिला व्हिडिओ कॉल लावला. गिरणी बंद करून बसली होती. बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, "मॅटवर खेळतात गं आता. सूर मारला तरी गुडघा फुटत नाही." आणि साडी जराशी वर करून गुडघ्यावरचा पांढरा वण दाखवला. आमच्या मैदानावर मुरूम होता.

आता हिला कुठल्या निकषात बसवणार? राष्ट्रीय पदक नाही, पद नाही, प्रमाणपत्र माहेरच्या पत्र्याच्या पेटीत आणि त्यावरचं नाव आधार कार्डाशी जुळत नाही.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचं, रौप्यपदक आणलं. धाराशिवच्या खो-खोपटू सारिका काळेला 2020 चा अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यांचा अभिमान आहेच, पण त्यांची नोंद देशानं ठेवलीय. आमच्या कॅप्टनची नोंद कॉलेजनं ठेवली नाही तर जगात कुणीच ठेवणार नाही. म्हणून हे दालन आधी तिच्यासारख्यांचं.

प्रमाणपत्राच्या अटीमागची भीती मला समजते. खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणात बोगस प्रमाणपत्रांनी किती घाण केली ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यात नुकसान खऱ्या खेळाडूचंच झालं. पण इथं कुणाला नोकरी द्यायची नाही. सरांची हजेरीची वही आहे, संघाचा फोटो आहे, पेपरातली कात्रणं आहेत, सोबत खेळलेल्या अकराजणी जिवंत आहेत. एवढा पुरावा पुरे धरा. आणि नाव लिहा ते खेळतानाचं. खाली सासरचं लिहा, हरकत नाही, पण मोठ्या अक्षरात ते, जे मैदानावर पुकारलं जायचं.

आणखी एक, उशीर करू नका. पैलवान खाशाबा जाधव हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जावेत म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. 1952 ला खाशाबांनी कांस्यपदक आणलं, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला 2001 साली, ते जाऊन 17 वर्षं झाल्यावर. आमचे सर आता ऐंशीच्या घरात आहेत. चुन्याची फक्की हातानं मारून मैदान आखायचे. दालनाची फीत कापायला मंत्री बोलावायच्या आधी त्यांच्या घरी गाडी पाठवा.

पुढची बैठक दिवाळीनंतर आहे. आमच्या कॉलेजकडून 2000 च्या आधी कुठलाही खेळ खेळलेल्या बायांनो, दिवाळीत माहेरी जाल तेव्हा आईच्या पेटीत तळाशी बघा. प्रमाणपत्र, ब्लेझरचा बिल्ला, संघाचा फोटो, जे सापडेल त्याचा मोबाईलवर फोटो काढा आणि मला पाठवा. सोबत खेळतानाचं पूर्ण नाव लिहा. यादी मी करतेय. आतापर्यंत 31 नावं झालीत, त्यातल्या 9 जणी आता कुठं असतात ते मला अजून सापडलेलं नाही.