एकशे चार किलो, मिक्स

परवा मंगळवारी एका भंगारवाल्यानं माझं वजन केलं. त्याची चिठ्ठी आता माझ्या विमानशिक्षणाच्या फाइलला स्टेपल झाली आहे आणि ती काढून द्यायला कोणी तयार नाही.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी विमान चालवायला शिकतोय. का, ते विचारू नका. घरच्यांचं विचारून झालंय. कोणाकडे शिकतो तेही सांगत नाही, कारण खाजगी परवान्याला ४० तास उडावं लागतं आणि माझे अजून १९ बाकी आहेत. सोबतची पोरं अठरा-एकोणीसची. त्यांना कमर्शियल परवाना हवा, म्हणजे २०० तास. तरी चेहऱ्यावर चिंता नाही. मला 'अंकल' म्हणतात आणि दप्तरासकट पंचावन्न किलो भरतात.

फॉर्मवर मी माझं वजन ९२ लिहिलं होतं. मेडिकलच्या दिवशी तेवढंच होतं, खोटं नाही. मधे एक दिवाळी आणि भाच्याचं लग्न झालं. आमच्या कॅप्टनसाहेबांनी एकदा फॉर्मकडे पाहिलं, एकदा माझ्या पोटाकडे, आणि अतिशय आदरानं विचारलं, "सर, हे कधीचं?"

साहेबांचं चूक नव्हतं, हे कबूल करायला मला दोन दिवस लागले. सेसना १५२ म्हणजे दोन माणसांचं विमान, सगळं धरून ७५७ किलोंच्या वर उडवायचं नाही. आमचं रिकामंच ५२० च्या आसपास आहे. उरलेल्या २३७ किलोंत दोन माणसं आणि पेट्रोल. त्यात नागपूरचा मे. हवा तापली की विरळ होते. पारा ४० वर गेला की हजारेक फुटांवरच्या सोनेगावच्या धावपट्टीवर विमानाला वाटतं, आपण ४,३०० फुटांवर, म्हणजे जवळजवळ महाबळेश्वरला उभे आहोत. इंजिन दमतं, पंखांना हवा पुरत नाही. विमान महाबळेश्वरला आणि आम्ही आत तंदूरमध्ये.

तर वजन करायचं. पण ऑफिसातला काटा बंद. सेल संपलाय, आणि तो कोणी आणायचा यावर दोन आठवडे नुसता विचार सुरू आहे. तासाला पाच आकडी फी घेणाऱ्यांकडे एक सेल नसावा! "बाहेर भंगारचं दुकान आहे ना," साहेब म्हणाले, "त्यांचा काटा एकदम करेक्ट आहे."

गेलो. भंगारवाले भाऊ बनियनवर बसून चहा पीत होते. बाजूला एक पोरगा वही घेऊन.

"काय आनलं जी?"

"काही नाही. माझंच वजन करायचंय."

त्यांनी माझ्या मागे पाहिलं. हातगाडी नाही, पोतं नाही. मग मला वरून खालपर्यंत पाहिलं, जुना कूलर पाहतात तसं.

"जोडे काढा. जोड्याचा भाव येगळा लागते."

मी काट्यावर चढलो. लहानपणी स्टेशनवरच्या मशीनमध्ये नाणं टाकलं की लाल-पांढरे दिवे फिरायचे आणि खाली तिकीट पडायचं. एका बाजूला वजन, दुसरीकडे 'आपण उदार मनाचे आहात' असलं काहीतरी. अपमान करायची केवढी सभ्य पद्धत होती ती!

"हालू नका ना भाऊ, काटा पकडून नाई रायला." मग जोरात, "एकशे चार, तीनशे! लिही बे."

"माल काय लिहू?" पोरानं विचारलं.

"काय करता जी तुमी?"

"विमान शिकतोय," मी म्हणालो. इथेच चुकलं.

"लिही, पायलट."

"लोखंडात टाकू का मिक्समध्ये?"

भाऊंनी खरोखर विचार केला. "मिक्स."

मग ते माझ्याकडे वळले. "या वयात काहून शिकून रायले? घरी कोनी काई म्हनत नाई?" मी हसलो. ते हसले नाहीत. "किती जुनं हाय विमान?"

सेसना १५२ चं उत्पादन १९८५ सालीच बंद झालं. म्हणजे आमचं विमान कमीत कमी चाळिशीचं. हे मी प्रामाणिकपणे सांगितलं.

"चाळीस वर्सं? मंग ते इकडंच येते," भाऊंचे डोळे चमकले. "निंगालं की मले सांगजा. अल्युमिनियमले भाव चांगला हाय."

निघताना त्यांनी हळूच विचारलं, "उन्हाचा माल हाय, दोन किलो घामाची कट्टी मारून एकशे दोन करून देऊ का?" खरं सांगतो, मी क्षणभर थांबलो होतो.

परत आलो तेव्हा दहा वाजून गेले होते. साहेबांनी चिठ्ठी वाचली, 'मिक्स'पाशी जरा अडखळले आणि कागदावर आकडे मांडले. माझे १०४, त्यांचे ७२, राहिले ६१ किलो. म्हणजे सुमारे ८५ लिटर पेट्रोल. टाक्या मात्र भरलेल्या, ९८ लिटर. तेरा लिटर काढा.

मग ते निळसर पेट्रोल एका पांढऱ्या कॅनमध्ये, सगळ्या पोरांसमोर, थेंबथेंब काढलं गेलं. एका पोरीनं हेल्परला विचारलं, "भैया, लीकेज आहे का?"

"नाई जी. सरांच्या पोटाचं काढून रायलो."

विमान उडालं. ३,२०० मीटरच्या धावपट्टीचा एरवी दहावा हिस्सा पुरतो. त्या दिवशी जरा जास्त लागली आणि त्याबद्दल हेडफोनमध्ये कोणी काही बोललं नाही. अंबाझरी तलाव दिसायला लागेपर्यंत मी गप्प होतो. पण डोक्यात एकच आकडा फिरत होता. ७२.

कारण त्या डब्यात आमचे खांदे एकमेकांत रुतलेले असतात. साहेबांचा पट्टा शेवटच्या भोकाला लागतो, मी रोज बघतो. हे ७२ कोणत्या सालचं? ते कोणी तपासलं? त्यांच्या नावाचं पेट्रोल कोणी काढलं? शिकणाऱ्याला काटा आणि शिकवणाऱ्याला तोंडी हिशेब, हा कुठला न्याय? आणि उडताना तर दोघांचंही वजन विमानालाच पेलायचं असतं, त्याला कोण गुरू आणि कोण चेला हे कळत नाही.

उद्या सकाळी सहाचा स्लॉट आहे. त्याआधी मी साहेबांना चहाला बोलावलंय. टपरी भंगारच्या दुकानाला लागूनच आहे, आणि भाऊ साडेपाचलाच काटा बाहेर काढतात.