एक मॅच हरली की पोरींचं वर्ष संपतं

नागपुरातल्या शाळेच्या फुटबॉल टीमला वर्षात किती खऱ्या मॅच मिळतात, हे मी भेटेल त्या पालकाला विचारत असते. खऱ्या म्हणजे दुसऱ्या शाळेविरुद्धच्या, शिट्टी वाजवणारा पंच असलेल्या, निकाल कुठंतरी लिहिला जाणाऱ्या. बहुतेकांचा अंदाज दहा-बाराचा असतो. पोरं रोज पहाटे उठून प्रॅक्टिसला जातात, स्टडला चिखल लागून येतो, म्हणजे मॅचही होतच असतील, असं त्यांना वाटतं.

हिशेब मात्र साधा आहे. शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या. १६ शाळा उतरल्या तर पहिल्या फेरीनंतर ८ घरी, ३२ उतरल्या तर १६ घरी. आकडा कुठलाही घ्या, निम्म्या शाळांचं पहिल्याच मॅचला आटोपतं. त्यातही आधी बाहेर पडते ती कच्ची टीम, म्हणजे जिला खेळण्याची सगळ्यात जास्त गरज आहे तीच. वर्षभराची मेहनत जेमतेम तासाभराच्या खेळावर टांगलेली. पहिल्या चाचणीत नापास झालेल्या पोराला परीक्षेपर्यंत वर्गाबाहेर बसवावं, तसला हा प्रकार. आणि तो इतका अंगवळणी पडलाय की कुणी त्यावर बोलतसुद्धा नाही.

माझी लेक यंदा दहावीत आहे. सहावीपासून शाळेच्या टीममध्ये खेळते. सुरुवातीला विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेनं पुढं हल्ला करायला, होती. पळण्यात चपळ, त्यामुळे बॉल पुढं ढकलायचा आणि त्याच्यामागं सुटायचं, एवढंच तिचं फुटबॉल. सहावी-सातवीत तेवढं पुरलंही. आठवीत समोरच्या मुली एकदम उंच झाल्या, धक्का लागला की ही लाइनबाहेर. तिचा जन्म नोव्हेंबरचा. वयोगटाची रेघ १ जानेवारीवर आखलेली असते, त्यामुळे जानेवारीत जन्मलेली मुलगी हिच्यापेक्षा जवळपास वर्षानं मोठी असून एकाच गटात खेळते. तेरा-चौदाव्या वर्षी वर्षभराचा फरक म्हणजे काय, ते आई-बापांना सांगायला नको. जगभर वयोगटाच्या संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्या मुलांची गर्दी दिसते ती यामुळंच. ट्रायलच्या दिवशी जो मोठा दिसतो तो चांगला वाटतो.

सरांनी तिला विंगवरून काढून लेफ्ट बॅकला, म्हणजे डावीकडच्या बचावाला, टाकलं. घरी आल्यावर दोन दिवस जेवणात लक्ष नव्हतं. गोल मारणाऱ्या पोरीला मागं उभं केलं म्हणजे शिक्षाच, असं तिनं मनाशी धरलं होतं. ‘आई, आता माझं नाव कोण घेईल?’ असं विचारायची. सर शांतपणे म्हणाले, ‘तू बॉल पाहून राहिली. बॉल नको पाहू, पोरगी पाह. तिची कंबर कुठं वळते ते पाह.’ डिफेन्सबद्दल यापेक्षा नेमकं मी अजून ऐकलेलं नाही. पाय फसवतात, नजर फसवते, कंबर फसवू शकत नाही.

पण ऐकणं वेगळं आणि अंगात उतरणं वेगळं. ते उतरलं त्याची गोष्ट सांगायची म्हणून ही पोस्ट लिहायला घेतली.

त्या वर्षी शाळेची टीम नेहमीप्रमाणे पहिल्या फेरीत बाहेर पडली. तेव्हा तीन-चार शाळांच्या क्रीडाशिक्षकांनी आपसात ठरवून हिवाळ्यात रविवारच्या मॅच सुरू केल्या. ना बॅनर, ना ट्रॉफी, ना पाहुणे. एका वहीत निकाल आणि गुण, बस. पहिल्याच मॅचमध्ये समोरच्या शाळेची एक राइट विंगर हिला पार करून गेली, आणि परत परत गेली. दर वेळी तेच. ही बॉल हिसकायला झेपावायची आणि ती मुलगी बॉल बाजूनं काढून निघून जायची. आम्ही सपाटून हरलो. बाद पद्धतीत त्या मुलीची आणि हिची गाठ पुन्हा पडलीच नसती. हिच्या डोक्यात एवढंच राहिलं असतं की ती चांगली आणि मी वाईट.

इथं मात्र पुढच्या महिन्यात तीच शाळा, तीच विंगर परत समोर येणार होती. मधल्या दिवसांत मी घरात जे पाहिलं ते कुठल्या शिकवणीत मला दिसलेलं नाही. गच्चीवर धाकट्या भावाला विंगर करून ही त्याच्यासमोर उलट पावली मागं सरकायची. झेपावायचं नाही, अंतर राखायचं, अंग तिरकं ठेवून समोरचीला लाइनकडे ढकलायचं, आपल्या मुली परत येईपर्यंत तिला उशीर करायचा. सरांना विचारून आली की ती उजव्या पायाची आहे, तर डाव्या पायावर खेळायला लावता येईल का? दुसऱ्या मॅचमध्ये ती विंगर एक-दोनदा निघालीच, पण उरलेल्या वेळी कोपऱ्यात अडकली. आम्ही त्याही दिवशी हरलो, फक्त एका गोलनं. आणि लेक गाडीवर माझ्यामागं बसून घरापर्यंत बोलत होती, कुठल्या वेळी नेमकं काय झालं, पुढच्या वेळी काय करायचं.

‘पुढच्या वेळी’ म्हणायची सोय आपल्या बहुतेक शाळकरी खेळाडूंना मिळतच नाही. माझं सगळं म्हणणं एवढ्यावरच आहे.

तिच्या टेबलासमोर भिंतीवर दोन फोटो आहेत. एक मनीषा कल्याणचा. पंजाबातल्या होशियारपूर जिल्ह्यातली मुलगी, शाळेत आधी धावायची, मग फुटबॉलकडे वळली. २०२१ मध्ये ब्राझीलमधल्या मनौसला ब्राझीलविरुद्ध भारत ६-१ असा हरला, त्यातला आपला एक गोल तिचा. पुढच्या वर्षी ती सायप्रसच्या क्लबकडून युरोपातल्या क्लबांच्या युएफा महिला चॅम्पियन्स लीगमध्ये उतरली, तिथं खेळणारी पहिली भारतीय. सहा गोल खाल्लेल्या मॅचमधला एक गोल लेकीला का आवडतो, हे मला आधी कळत नव्हतं. आता कळतं.

दुसरा फोटो जपानच्या केइसुके होंडाचा, हा मात्र माझ्यामुळं आला. गाम्बा ओसाका क्लबच्या लहान गटात तो होता, वरच्या युवा संघात त्याला घेतलं नाही. मग तो सेइर्यो नावाच्या शाळेत गेला, शाळेच्या टीमकडून खेळत वर आला आणि २०१०, २०१४, २०१८ अशा तीन वर्ल्डकपमध्ये गोल केले. शुन्सुके नाकामुराचंही तसंच. क्लबनं वरच्या गटात घेतलं नाही, शाळेनं घडवला, आणि २००६ मध्ये स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबकडून त्याच्या फ्री किकनं मँचेस्टर युनायटेड हरलं. वयाच्या पंधराव्या वर्षी ‘तू नको’ ऐकलेल्या या दोघांना शाळेच्या मैदानानं वाढायला वेळ दिला.

जपानलाही बाद पद्धतीचं प्रेम आहे, आपल्यापेक्षा जास्तच. तिथली हायस्कूल स्पर्धा डिसेंबरअखेर सुरू होते आणि देशभर टीव्हीवर पाहिली जाते. ती त्यांनी मोडली नाही. शेजारी वर्षभराची लीग, म्हणजे हरलं तरी बाहेर न पडता सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायची स्पर्धा, उभी केली. १८ वर्षांखालच्यांची ताकामाडो चषकाची प्रीमियर लीग २०११ पासून चालते, तिच्यात शाळा आणि क्लबांचे युवा संघ एकाच गुणतक्त्यात, आपल्या मैदानावर आणि परक्या मैदानावर खेळतात. खाली प्रदेशाच्या, जिल्ह्यांसारख्या प्रांतांच्या पायऱ्या. २०२२ च्या वर्ल्डकपमध्ये याच जपाननं जर्मनी आणि स्पेन दोघांनाही २-१ नं हरवलं. नुसत्या लीगमुळं झालं असं मी म्हणत नाही. पण पोरांना खेळायलाच न देता कुठला देश वर आलाय, ते कुणी दाखवून द्यावं.

‘ते जपान आहे ताई, हे नागपूर आहे,’ असं मला ऐकवतात. अहो, नागपूर आहे म्हणूनच म्हणते. माझं माहेर कामठीचं. छावणीचं गाव, तिथं फुटबॉल पाहायला अख्खा मोहल्ला लोटतो. माझे वडील मला खांद्यावर बसवून मॅचला न्यायचे. याच शहरात हिस्लॉप कॉलेजच्या विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांची स्पर्धा भरवली, पावसात फुटकी बादली लाथाडणारी पोरं पाहून. त्यातून उभ्या राहिलेल्या स्लम सॉकरला २०१६ मध्ये फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. ज्या गावात बादलीपासून एवढं उभं राहिलं, तिथं शाळांना आपसात रविवारची लीग जमणार नाही, हे मला पटत नाही.

हवामानाचं म्हणाल तर आपण नेमका उलटा हंगाम धरलाय. शाळांच्या स्पर्धा पावसाळ्यात, काळ्या मातीच्या चिकट चिखलात. बूट जड होतात, पास दोन हातांवर थांबतो, पायाला सफाई असलेली मुलगी आणि नुसती दांडगी मुलगी यांत फरकच उरत नाही. आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी, जेव्हा नागपूरची हवा फुटबॉलसाठी देखणी असते, तेव्हा मैदान रिकामं. मार्चनंतर उन्हानं तसंही काही करता येत नाही.

मुलींबद्दल वेगळं लिहायला हवं. मुलींच्या टीम मुळातच कमी, कधी कधी समोरची टीम येत नाही आणि न खेळताच पुढची फेरी मिळते. त्या दिवशी पोरी जिंकल्याचा आनंद करत नाहीत, खेळायला मिळालं नाही म्हणून हिरमुसतात. मैदानावर मुलींसाठी स्वच्छ संडास नसतो, म्हणून त्या सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि उन्हात तशाच पळतात. हे मी स्वतःच्या लेकीत पाहिलंय आणि त्यानं माझं डोकं फिरतं. ‘काळी पडेल’ म्हणणाऱ्या काकू-मावशींना आता मी उत्तरही देत नाही. गेल्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये, आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच घरी २-१ नं हरवून आशियाई चषक गाठला. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. ती मॅच आम्ही मायलेकींनी सोबत साजरी केली.

राहिली दहावी. हो, अभ्यास आहे. रविवारची सकाळ गेल्यानं तिचे मार्क घसरलेले मला दिसले नाहीत. क्रीडा गुणांसाठी खेळवा असंही मी म्हणणार नाही, गुण मिळाले तर चांगलंच. पण दहावीत खेळ सोडवला की मुली परत मैदानावर फारशा येत नाहीत, हे आजूबाजूला पाहून सांगते.

तर एवढं जमवता येईल का पाहा. आठ शाळा, प्रत्येकीनं प्रत्येकीशी एकदा खेळायचं. एकूण २८ मॅच. एका मैदानावर रविवारी चार मॅच धरल्या तर सात रविवार लागतात. दिवाळीनंतर सुरू केलं तर जानेवारीत संपतं. प्रत्येक मुलीला सात मॅच, हरली तरी सात. अकरा मुली जमत नसतील त्या शाळांसाठी सात-सातच्या टीम, छोटं मैदान. शिट्टीसाठी सीनियर मुलं-मुली, सोबत एक शिक्षक. बर्फ, पट्ट्या, पाण्याचे कॅन आणि संडासाची किल्ली कुणाकडे आहे ते आधी ठरवलेलं. ट्रॉफी नसली तरी चालेल, तक्ता मात्र शाळेच्या फलकावर लागला पाहिजे.

मैदान असलेल्या शाळांचे क्रीडाशिक्षक किंवा मुख्याध्यापक हे वाचत असतील तर मला मेसेज करा. वहीचं काम, निकाल, वेळापत्रक, मुलींच्या आयांना फोन, हे सगळं मी करते. तीन शाळांचं बोलणं झालंय, अजून पाच हव्यात.