संकरित पेशीतील गुणसूत्रांची गळती : एका आक्षेपाला उत्तर

आपण प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, तेव्हा उत्तरही सविस्तर देणे योग्य ठरेल. मानव आणि उंदीर यांच्या पेशी एकत्र आणून केलेल्या संकरावरील लेखात, संकरित पेशी विभागताना गळणाऱ्या (म्हणजे पेशीतून नाहीशा होणाऱ्या) मानवी गुणसूत्रांपैकी कोणते गळेल हे आधी सांगता येत नाही, असे मी म्हटले होते आणि पुढे, १७ क्रमांकाचे गुणसूत्र टिकून राहिले, असेही म्हटले होते. ही विधाने परस्परविरोधी आहेत आणि यादृच्छिक गळतीवरून जनुकाची जागा ठरवणे हा निव्वळ अंदाज आहे, असा आपला आक्षेप आहे.

गुणसूत्र गळते ते एकेका पेशीत, विभाजनाच्या वेळी. ‘टिकलेले’ दिसते ते मात्र जगलेल्या पेशींच्या समूहात, आणि कोणी जगायचे हे संवर्धनाचे माध्यम, म्हणजे पेशी ज्यात वाढवतात ते पोषक द्रावण, ठरवते. १९६७ मध्ये मेरी वाइस आणि हॉवर्ड ग्रीन या संशोधकांनी वापरलेल्या उंदराच्या पेशींत थायमिडीन कायनेज हे विकर (एन्झाइम) नव्हते. ‘हॅट’ नावाच्या निवडक माध्यमातील अमिनोप्टेरिन या औषधामुळे डीएनएचे घटक नव्याने घडवण्याचा नेहमीचा मार्ग बंद होतो. मग माध्यमातले थायमिडीन, म्हणजे डीएनएचा आयता घटक, वापरण्यासाठी हे विकर लागतेच, आणि संकरित पेशीला ते केवळ मानवी जनुकाकडून मिळू शकते. हे जनुक असलेले गुणसूत्र ज्या पेशीतून गळाले, ती पेशी मरते. म्हणजे १७ क्रमांकाचे गुणसूत्रही इतरांसारखेच गळत असते, फक्त ते गमावलेल्या पेशी मोजायला उरत नाहीत. याचा उलट पडताळाही घेता येतो: त्याच पेशी थायमिडीनसारख्याच पण घातक अशा ब्रोमोडीऑक्सियुरिडिन असलेल्या माध्यमात वाढवल्या, तर विकर असणाऱ्या ते वापरून मरतात आणि ते गुणसूत्र गमावलेल्या तेवढ्या जगतात. नेमका १७ हा क्रमांक १९७१ मध्ये, क्विनाक्रिन या चमकणाऱ्या रंगद्रव्याने रंगवलेल्या गुणसूत्रांवरून निश्चित झाला.

ज्या जनुकांसाठी असे निवडक माध्यम नाही, तिथे तर गळतीची यादृच्छिकताच उपयोगी पडते. प्रत्येक पेशीवंशात (एकाच संकरित पेशीपासून वाढलेल्या समूहात) मानवी गुणसूत्रांचा वेगळा संच उरत असल्यामुळे, एखादे मानवी विकर आणि एखादे गुणसूत्र सर्व वंशांत बरोबरच आढळतात की नाही, हे ताडून पाहता येते. सर्व वंशांत तीच गुणसूत्रे त्याच क्रमाने गळाली असती, तर तुलनेला काही उरलेच नसते. तुटलेल्या गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला चिकटून नजरेआड राहू शकतो, ही या पद्धतीची खरी अडचण. आपण तिच्यावर बोट ठेवले असते तर मला अधिक सावधपणे लिहावे लागले असते.

मानवी गुणसूत्रे ‘दुबळी’ असल्यामुळे हरतात, हा आपला निष्कर्ष मला मान्य नाही. कार्लो क्रोचे यांनी १९७६ मध्ये एचटी-१०८० या मानवी अर्बुदातील पेशींचा संकर उंदराच्या भक्षक पेशींशी केला, तेव्हा गळाली ती उंदराची गुणसूत्रे. वनस्पतींतील एका संकरात तर कारणही हाती लागले आहे. लागवडीच्या बार्लीचा संकर होर्डियम बल्बोसम या रानटी जातीशी केला, की अनेक भ्रूणांतून रानटी जातीची सर्व गुणसूत्रे नाहीशी होतात. विभाजनाच्या वेळी तंतू जिथे गुणसूत्राला पकडतात त्या गुणसूत्रबिंदूंवर, या जातीच्या गुणसूत्रांत, पकडीसाठी लागणारे सेन-एच-३ हे प्रथिन पुरेसे बसत नाही. त्यामुळे विभाजनाच्या वेळी त्यांना तर्कूच्या (गुणसूत्रे दोन टोकांकडे ओढणाऱ्या रचनेच्या) तंतूंची नीट पकड मिळत नाही, ती मागे पडतात आणि केंद्रकाबाहेर राहून नष्ट होतात.