शंभर पॉइंट नऊ

बाथरूमच्या लाद्या बदलायचा निर्णय आमच्या घरात एकदम झाला नाही. आधी खालच्या काकूंच्या छताला ओल आली, तसा आमच्या संबंधांतला ओलावा गेला, आणि मग गवंडी आला.

नेमका त्याच आठवड्यात माझा भाचा न्यू जर्सीहून उतरला. मामाला सेंट, मामीला बदाम ही घराण्याची रीत मोडून त्याने बॅगेतून एक काळा-पिवळा ठोकळा काढला. चारी बाजूंनी जाड नळ्यांचा पिंजरा, वर मूठ, वजन सहा किलोच्या आसपास. मला वाटलं, गाडीची बॅटरी आणली.

"मामा, जॉबसाइट रेडिओ! तिकडे बांधकामावर हाच असतो. धूळ बसू दे, आपटू दे, ह्याला काही होत नाही."

"मग यांच्या हातात द्यायला हरकत नाही," ही म्हणाली.

त्याची बॅटरी मात्र वेगळी, ड्रिल मशीनला लागते तीच. ती भाच्याने हातातल्या पिशवीतून आणली होती, कारण सुटी लिथियम बॅटरी विमानाच्या पोटातल्या सामानात चालत नाही, जवळच बाळगावी लागते, आणि तीही साधारण 100 वॅट-तासांपर्यंतच. ही 18 व्होल्ट, 5 अँपिअर-तासांची. म्हणजे 90. मी जागच्या जागी गुणाकार करून पास केली. भाचा म्हणाला, एअरपोर्टवरसुद्धा कुणी एवढी चौकशी केली नाही.

सत्तावीस वर्षं बँकेत कर्जाच्या कागदांवरचा बारीक टाइप वाचण्यात गेली. ज्या वस्तूबरोबर माहितीपुस्तिका येते तिची माहितीपुस्तिका मी आधी वाचतो, वस्तू नंतर. रेडिओबरोबर इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश अशा तीन भाषांत पुस्तिका होती आणि तिन्हींत मिळून रेडिओ कसा लावावा यापेक्षा कसा लावू नये हेच जास्त होतं. पावसात ठेवू नये. हवा जायची भोकं झाकू नयेत. एरिअलला धरून उचलू नये. वर पेटती मेणबत्ती ठेवू नये. वर पाण्याने भरलेली वस्तू, उदाहरणार्थ फुलदाणी, ठेवू नये.

इथे मी मोठ्याने हसलो. बांधकामावरच्या रेडिओवर फुलदाणी! विटांच्या ढिगात, घमेल्यांच्या गर्दीत कुणीतरी निशिगंध खोचून बसलाय, असं चित्र डोळ्यांसमोर आलं. ही गोष्ट मी हिला वाचूनही दाखवली. तिने "हं" म्हटलं. ते "हं" मी तेव्हा नीट ऐकायला हवं होतं.

पहिली अडचण चार्जरने काढली. चार्जरच्या पोटावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 120 व्होल्ट. आपल्याकडे 230. भाच्याने पिन बदलायचं अडॅप्टर आणलं होतं, पण ते फक्त पिनेचा आकार बदलतं. आत विजेला कुणी समजावून सांगत नाही की पलीकडे पाहुणा अमेरिकेचा आहे, अर्धीच जा. मी बटण दाबणार एवढ्यात माझ्यातला कर्ज विभाग जागा झाला म्हणून चार्जर वाचला.

मग पुण्याच्या बुधवार पेठेतली विजेच्या सामानाची तपकीर गल्ली. दुकानदाराने चार्जर हातात घेतला, उलटा केला, परत दिला.

"स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. व्होल्ट निम्म्यावर आणणारा."

"किती वॅटचा?"

"चार्जरवर लिहिलंय ना? मग मला का विचारता?"

ट्रान्सफॉर्मर रेडिओइतकाच वजनदार निघाला. दोन्ही हातांत तो धरून मी बुधवारातून बसपर्यंत आलो तेव्हा लोकांनी आदराने वाट दिली. आता रेडिओला बॅटरी, बॅटरीला चार्जर, चार्जरला ट्रान्सफॉर्मर आणि ट्रान्सफॉर्मरला मी, अशी उतरंड तयार झाली.

गवंडी मिस्त्री इंडीकडचा, विजापूर जिल्ह्यातला. मराठी आणि कानडी एकाच वाक्यात कालवणारा. त्याच्या हाताखाली लातूरकडचं एक बिगारी पोरगं. दरवाजाच्या आणि कपाटाच्या कामाला राजस्थानी सुतार. मी तिघांना ओळीने उभं केलं आणि रेडिओ वापरण्यासंबंधी सुरक्षिततेच्या सूचना वाचायला घेतल्या. पावसाचं झालं, एरिअलचं झालं. मेणबत्तीवर आलो आणि मान वर करून पाहतो तर मिस्त्रीने रेडिओला हळदीकुंकू लावलेलं, आणि पिंजऱ्याच्या नळीला जिथे जोड होता त्या फटीत दोन उदबत्त्या खोचलेल्या. नवीन हत्यार साइटवर आलं, त्याची पूजा नको?

"मिस्त्री, वर पेटतं काही ठेवायचं नाही असं लिहिलंय."

"मेणबत्ती लिहिलंय न्हवं? ही उदबत्ती हाय सायेब."

कायद्याचा असा अर्थ लावणारी माणसं आमच्या बँकेत वकील म्हणून पॅनेलवर होती.

रेडिओ सुरू झाला. मिस्त्रीला विविध भारती हवी होती, म्हणजे पुण्यात 101. मी बटण फिरवलं. 100.7. 100.9. 101.1. पुन्हा मागे. 101.1, 100.9. एकशे एक गायब! बिगाऱ्याला वाटलं माझा हात थरथरतोय, म्हणून त्याने फिरवलं. तेच. रात्री भाच्याला गाठलं तेव्हा उलगडा झाला. अमेरिकेत एफ.एम. स्टेशनांमध्ये 0.2 मेगाहर्ट्झचं अंतर आणि सगळी स्टेशनं विषम आकड्यांवर: पॉइंट एक, पॉइंट तीन, पॉइंट पाच. तिथल्या रेडिओला पूर्णांकावर थांबणं शिकवलेलंच नाही. आपली 98.3 किंवा 93.5 वाली मंडळी त्याला पटकन सापडतात, पण 101 म्हणजे दोन पायऱ्यांच्या मधली पायरी. मध्यम लहरींचं तर विचारूच नका. तिकडे 10-10 किलोहर्ट्झच्या उड्या, आपल्याकडे 9-9 च्या. आकाशवाणी पुणे 792 वर, आणि आमचा रेडिओ 790 वरून थेट 800 वर. काही रेडिओंत देश बदलायची सोय असते म्हणे. आमचा कट्टर देशभक्त निघाला.

शेवटी 100.9 वर तडजोड झाली. एकशे एकचीच गाणी, पण जरा बाजूने ऐकल्यासारखी. प्रत्येक 'स' चा 'श्श' होई. निवेदिका "नमस्कार" म्हणाली की वरण उतू गेल्यासारखं वाटे. दोन दिवसांत मिस्त्रीही बिगाऱ्याला हाक मारताना "श्शिमेंट आण रे" म्हणू लागला.

विजेचा प्रश्न तिसऱ्या दिवशी आला. बॅटरी चार्जिंगला, ट्रान्सफॉर्मर हॉलमध्ये, आणि मिस्त्रीचा चार इंची कटर बाथरूममध्ये. कटरच्या वायरीला पिन नव्हती. कधीच नव्हती, असं मला सांगण्यात आलं. दोन उघडी टोकं सॉकेटच्या भोकांत घालून वर काडेपेटीच्या काड्या ठोकलेल्या. खाली लादीवर पाणी, कारण पाणी सोडल्याशिवाय लादी कापली की घरभर धुरळा. मी "अहो, अहो" म्हणत धावलो, तेवढ्यात खट्ट! सगळं घर गार. स्वयंपाकघरातून मिक्सरचा जीव गेल्याचा आवाज आणि पाठोपाठ हिचा.

आमच्या मीटरच्या पेटीत 30 मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. नावाचा सुरक्षा-स्विच आहे. वीज वायर सोडून दुसरीकडे, म्हणजे पाण्यातून किंवा माणसातून जायला लागली की तो सेकंदाच्या बारीकशा तुकड्यात पडतो. इतकी वर्षं मी त्याला पावसाळ्यात शिव्या घालत होतो. त्या दिवशी आतून नमस्कार केला आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून तीन पिनांचा टॉप आणला. तीस-चाळीस रुपयांची वस्तू. मी रेडिओच्या ट्रान्सफॉर्मरसाठी तपकीर गल्लीची परिक्रमा केली होती आणि माणसाच्या कटरला काड्या चालवून घेतल्या होत्या, हे हिने जेवताना दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा आमटी वाढताना.

मग आवाज. कटर सुरू झाला की रेडिओ ऐकू येत नाही, म्हणून बिगारी रेडिओ वाढवी. रेडिओ वाढला की मिस्त्री ओरडून बोले. मिस्त्री ओरडला की सुतार ठोकायचं थांबवून "क्या?" विचारी, तेही ओरडून. खालच्या काकू हातात कागद घेऊन वर आल्या. ध्वनिप्रदूषणाचे नियम, सन 2000. निवासी भाग, दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. काकू शाळेत भूगोल शिकवायच्या, त्यामुळे आकडे नकाशावर दाखवल्यासारखे दाखवले.

मी मोबाइलवर आवाज मोजायचं अ‍ॅप घेतलं. कटरजवळ काटा शंभराच्या घरात. मग मी सभा घेतली. 85 डेसिबल आठ तास सोसतं असं अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचं माप आहे. त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. 88 ला चार तास, 91 ला दोन, असं करत 100 ला फक्त पंधरा मिनिटं. म्हणून कटरशी रेडिओने स्पर्धा करायची नाही. कटर चालू, रेडिओ बंद.

मिस्त्रीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे पंधरा मिंटांनी सुट्टी?"

मी सगळ्यांना कानात घालायचे फोमचे बोळे आणून दिले. त्यांनी घातले, आणि त्या दिवशी साइटवर पहिल्यांदाच शांतता पसरली. इतकी, की हिने तीनदा "चहा" म्हटलं ते कुणालाच कळलं नाही. चहा गार झाला आणि बोळ्यांची योजना त्याबरोबर गेली. पुढे फक्त कटर चालवताना घालायचे, एवढं मिस्त्रीने स्वतःच ठरवलं. बाकी वेळी ते त्याच्या शर्टाच्या खिशात, तंबाखूच्या पुडीशेजारी.

एवढं नियमशास्त्र शिकवून झाल्यावर माझ्याच हातून एक गोष्ट झाली. बॅटरी भरून झाली होती, रेडिओ तेव्हा पिनेवर चालू होता, म्हणून मी ती 'जागेवर' ठेवली. जागेवर म्हणजे सुताराच्या पत्र्याच्या डब्यात. त्यात स्क्रू, बिजागऱ्या आणि मूठभर खिळे. सुताराने डबा उघडला, बॅटरी दोन बोटांनी उचलली, तोंडाशी अडकलेला एक खिळा झटकला आणि माझ्याकडे न बघता तिच्या तोंडावर मास्किंग टेपची पट्टी चिकटवली.

"साब, लोहे के साथ नहीं. दोनो पत्ती मिल गयी तो आग."

हे पुस्तिकेत होतं. मी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघही मारली होती.

त्याच सुताराने पॉलिशच्या दिवशी रेडिओ, चार्जर, ट्रान्सफॉर्मर सगळा लवाजमा उचलून जिन्यात नेऊन ठेवला. थिनरचा डबा उघडायचा होता. खिडक्या उघडल्या, बिगाऱ्याची विडी काढून घेतली, आणि मला सांगितलं, बाथरूमचा दिवा आत्ताच लावून ठेवा, नंतर बटणाला हात लावू नका. ज्वलनशील वाफा असतील तिथे ठिणगी टाळावी, हे वाक्य पान सहावर आहे. सुताराला इंग्रजी येत नाही, फ्रेंचही नाही.

लाद्या बसल्या. ग्राउटिंगच्या, म्हणजे लाद्यांमधल्या फटी भरायच्या आधी मिस्त्री उकिडवा बसला आणि थापीची लाकडी मूठ उलटी धरून एकेका लादीवर ठोकू लागला. आधी मधोमध, मग चारी कोपरे. टक, टक, टक, टक. पलीकडे 100.9 वर कुणीतरी श्शावन आल्याचं गात होतं. मी मान डोलवत होतो.

"सायेब, बंद करा की वाईच."

"का? आवाज कमीच आहे. मोजलाय मी."

"लादी काय म्हणती ते ऐकू द्या."

मी बंद केला. टक. टक. टक. कमोडच्या मागच्या कोपऱ्यात: भद्द. त्याने पुन्हा ठोकलं. भद्द. मला बोलावून कान लादीजवळ न्यायला लावला. खरंच, बाकीच्या लाद्या दगडासारख्या बोलत होत्या आणि ही रिकाम्या डब्यासारखी. खाली माल पोचलेला नाही, पोकळ राहिलीय. आज ठीक दिसेल, उद्या कोपऱ्यावर पाय पडला की तडकेल, पाणी जाईल आणि काकू पुन्हा कागद घेऊन येतील. त्याने लादी उचकटली, खालचा माल खरवडला, नवा कालवून लावला, लादी पुन्हा बसवली, रबरी हातोड्याने दाबली, लेव्हल पट्टी ठेवली. अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात कुणी रेडिओ लाव म्हणालं नाही.

काम संपलं. मिस्त्री हिशेब घेऊन गेला, जाताना रेडिओला हात लावून कपाळाला लावला. काकूंच्या छताला रंग लागला, आणि परवा त्यांनी अळूवडी पाठवली.

रेडिओ आता हॉलमध्ये आहे. ट्रान्सफॉर्मर टीपॉयखाली गुंगूं करतो. हिने रेडिओवर आईच्या हातचा क्रोशाचा रुमाल घातलाय, त्यामुळे हवेची भोकं झाकली जातात, आणि एरिअलला रुमालाचं एक टोक अडकवलंय म्हणजे घसरत नाही. संध्याकाळी मी फिरून आलो तेव्हा 100.9 चालू होतं आणि रुमालाच्या बरोबर मध्यावर काचेची फुलदाणी होती. निशिगंधाच्या चार काड्या. पाणी काठोकाठ.

मी पुस्तिका शोधायला गेलो. पान चारवर खूण करून ठेवलं होतं मी. ती फुलदाणीखाली होती, डगमगू नये म्हणून.